वजन उतरवायची इंजेक्शनं : आमच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमचं मेडिकल आहे. "ते वजनाचं इंजेक्शन मिळतंय काय?" हा प्रश्न आता पित्ताच्या गोळीइतका सहज येतो. कुणी मोबाईलवर फोटो दाखवतं, कुणी गाडी बंद न करताच रस्त्यावरून विचारतं. मागं चार गिऱ्हाईकं उभी असली की उत्तर अर्धंच राहतं, म्हणून ते इथं सावकाश लिहिलंय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुम्हाला इंजेक्शन द्यायचं की नाही, ते तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "किती किलो जातंय?" माझ्या मते तो तिसरा असायला हवा. थांबवल्यावर काय होतं, हा पहिला. तोवर खर्च झेपणार का, हा दुसरा. पण लोक ज्या क्रमानं विचारतात त्याच क्रमानं घेऊ.

किती किलो उतरतं? मौंजारो भारी की वेगोव्ही?

आधी नावांचा गुंता सोडवू. वेगोव्ही आणि ओझेम्पिक यांत औषध एकच, सेमाग्लुटाइड. वेगोव्ही वजनासाठी, ओझेम्पिक शुगरसाठी, आणि दोन्हींचे डोस वेगळे. मौंजारोत टिर्झेपाटाइड असतं. युरपीक या नावानं मिळतं तेही टिर्झेपाटाइडच. दोन्ही औषधं आठवड्यातून एकदा पोटावर, मांडीवर किंवा दंडावर कातडीखाली टोचायची. लिराग्लुटाइड नावाचं जुनं इंजेक्शनही आहे, पण ते रोज घ्यावं लागतं आणि वजनही कमी उतरतं, त्यामुळे आता ते फारसं कुणी विचारत नाही.

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला "आता बास" म्हणून कळवतं आणि जठरातलं अन्न पुढं सरकायचा वेग कमी करतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत विरून जातं. सेमाग्लुटाइड तेच काम आठवडाभर करत राहतं. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

आता आकडे. दोघांची थेट तुलना करणारा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. डायबेटिस नसलेल्या ७५१ लठ्ठ माणसांना ७२ आठवडे यातलं एकेक औषध दिलं. टिर्झेपाटाइडवाल्यांचं वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइडवाल्यांचं १३.७ टक्के. म्हणजे ९० किलोच्या माणसाचे एकीकडे साधारण १८ किलो, दुसरीकडे १२. कंबर एकीकडे १८.४ सेंटिमीटरनं कमी झाली, दुसरीकडे १३. निव्वळ किलो मोजायचे तर मौंजारो पुढं आहे, यात वाद नाही.

पण ही सरासरी झाली. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासात सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, तरी शंभरातल्या साधारण १४ जणांचं ५ टक्केही उतरलं नव्हतं. त्या सगळ्यांना आहार कमी करायला आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायला लावलं होतं, हे कुणी सांगत नाही. शिवाय डायबेटिस असेल तर दोन्ही औषधांनी वजन कमीच उतरतं. शेजाऱ्याचं पंधरा किलो गेलं म्हणून तुमचंही तेवढंच जाईल, असं धरून चालू नका.

मग वेगोव्ही घ्यायचं तरी कशाला?

हृदयासाठी. २०२३ मध्ये १७,६०४ लोकांवरचा अभ्यास आला. सगळे जाड, आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, पण डायबेटिस नसलेले. सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांतून येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. डायबेटिसमुळे किडनी बिघडत चाललेल्या रुग्णांतही त्याचा फायदा २०२४ मध्ये दिसला. एकदा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसानं केवळ पाच-सहा किलो जास्त जातात म्हणून औषध बदलायला धावू नये. उलट घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हा मुख्य त्रास असेल तर अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपाटाइडला त्यासाठी मान्यता मिळाली आहे. तुम्हाला आणखी काय काय आजार आहेत, त्यावर निवड ठरते.

मळमळ, उलटी किती होते?

होते. ज्याला काहीच झालं नाही असा माणूस भेटतो, पण त्याच्या भरवशावर सुरू करू नका. २०२१ च्या त्या अभ्यासात सेमाग्लुटाइडवर ४४ टक्के लोकांना मळमळ झाली, नुसतं पाणी भरलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत १७ टक्के. जुलाब ३१ टक्क्यांना, उलट्या जवळजवळ २५ टक्क्यांना, बद्धकोष्ठ २३ टक्क्यांना. टिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या अभ्यासात डोसप्रमाणे मळमळ २५ ते ३३ टक्क्यांत, उलट्या ८ ते १२ टक्क्यांत होत्या. अभ्यास वेगवेगळे असल्यानं हे आकडे शेजारी ठेवून तंतोतंत तुलना करता येत नाही. पण थेट तुलनेच्या अभ्यासातही पोटाच्या त्रासामुळे औषध सोडणारे सेमाग्लुटाइडवर ५.६ टक्के आणि टिर्झेपाटाइडवर २.७ टक्के निघाले.

त्रास बहुधा सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर होतो, मग काही आठवड्यांत ओसरतो. आमच्या काउंटरवर मात्र उलटीपेक्षा बद्धकोष्ठाची तक्रार जास्त येते. कारण साधं आहे. जेवण निम्म्यावर येतं, त्याबरोबर पाणी आणि भाजीही निम्म्यावर येते, आणि चार दिवस पोट साफ झालं नाही की माणूस इसबगोल मागायला येतो. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, एवढं पहिल्या दिवसापासून पाळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

म्हणजे तांबडा-पांढरा बंद?

हा प्रश्न विचारताना माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो! बंद नाही, पण ताट बदलेल. जठर सावकाश रिकामं होत असतं, त्यात तांबड्यावरचा तेलाचा तवंग आणि पांढऱ्यातलं नारळाचं दूध, काजू, खसखस हे सगळं मुळातच उशिरा पचणारं. पूर्वी दुपारी दोनला जेवून संध्याकाळी सहाला चहा मागणारा माणूस रात्री दहापर्यंत करपट ढेकर देत बसतो.

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, साठीतले. पहिलं इंजेक्शन शनिवारी संध्याकाळी घेतलं आणि रविवारी पाहुण्यांबरोबर नेहमीसारखं मटणाच्या ताटाला बसले. रस्सा दोनदा वाढून घेतला. हातात वाटी होती आणि पोट भरल्याचं कळत होतं, पण "पानात टाकायचं नाही" म्हणून संपवलं. रात्रभर उलट्या. सोमवारी सकाळी दुकानात आले ते ओआरएसची पाकिटं घ्यायला. त्यांना मी एकच गोष्ट सांगितली : रक्तात औषध सगळ्यात जास्त असतं ते टोचल्यानंतरच्या पहिल्या एक ते तीन दिवसांत. रविवारचं ताट सोडवत नसेल तर टोचायचा वार सोमवार ठेवा. वार बदलायचाच असेल तर दोन डोसमध्ये किमान दोन-तीन दिवसांचं अंतर लागतं. आधी दुकानात किंवा डॉक्टरांना विचारा. आता ते तवंग बाजूला सारून एक वाटी रस्सा, तीन-चार फोडी आणि अर्धी भाकरी खातात. पानात टाकायला अजून जीवावर येतं, म्हणून आधीच कमी वाढून घेतात.

मिसळीचंही तेच. कट कमी, मटकी जास्त. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आणि आखाडातल्या पार्ट्यांच्या आठवड्यात डोस वाढवायचा नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

डोस लवकर वाढवला तर लवकर उतरेल का?

उलट्या लवकर होतील. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमनं सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ करत २.४ वर जातं. टिर्झेपाटाइड २.५ नं सुरू होऊन चार आठवड्यांनी ५. पुढं गरज पडली तर २.५ च्या पायरीनं जास्तीत जास्त १५. पहिला डोस पोटाला सवय लागावी म्हणून असतो. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून चिडून येणारे बरेच आहेत. त्या महिन्यात फार काही अपेक्षितच नसतं. एखाद्या पायरीवर त्रास होत असेल तर तिथंच आणखी महिनाभर थांबता येतं. आणि ५ वर वजन छान उतरत असेल तर १५ गाठायलाच हवं असा काही नियम नाही.

थांबवल्यावर परत वाढतं?

वाढतं. सेमाग्लुटाइड ६८ आठवड्यांनी बंद केलेल्यांचं वर्षभर निरीक्षण केलं, तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं होतं. टिर्झेपाटाइडच्या अभ्यासात पहिल्या ३६ आठवड्यांत २०.९ टक्के उतरलं; मग ज्यांचं औषध बंद केलं त्यांचं पुढच्या वर्षभरात १४ टक्के वाढलं, ज्यांचं चालू राहिलं त्यांचं आणखी ५.५ टक्के उतरलं. वजनाबरोबर सुधारलेलं बीपी आणि शुगरही मागं सरकतात.

यात माणसाचा आळस शोधू नका. औषध भूक दाबून ठेवत होतं, ते गेलं की भूक आपल्या जागी परत येते. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर आपण त्याला फसवणूक म्हणत नाही. "तीन महिने घेतो, मग सोडतो" म्हणून येणाऱ्याला मी सरळ सांगतो, त्या पैशात चांगले बूट घ्या आणि रंकाळ्याला फेऱ्या मारा. दुकानदारानं असं बोलू नये म्हणतात. पण सहा महिन्यांनी तोच माणूस परत येऊन माझ्यावर चिडतो.

महिन्याला खर्च किती?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची बाटली ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ ला होती. एक बाटली म्हणजे एका आठवड्याचा डोस, म्हणजे महिन्याचे १४,००० ते १७,५००. जून २०२५ मध्ये वेगोव्ही आलं, त्याचे सुरुवातीचे डोस महिन्याला १७,३४५ ला होते. नोव्हेंबरमध्ये किमती उतरवल्यावर सगळ्यात लहान डोस १०,८५० वर आला. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. त्यामुळे किंमत आजची विचारा, गेल्या वर्षीचा व्हॉट्सॲप मेसेज दाखवू नका.

हिशेब करताना सुरुवातीच्या डोसवर जाऊ नका. डोस वाढला की बिल वाढतं. दीड-दोन वर्षं त्या वरच्या डोसचा खर्च घरातलं काही न मोडता निघतो का, ते बघा. मुलाच्या फीचे पैसे वळवून सुरू केलेलं इंजेक्शन चौथ्या महिन्यात बंद पडतं आणि आधीचं सगळं पाण्यात जातं.

तालमीत कमावलेलं अंग आहे. मांस पण जाणार का?

हा प्रश्न कोल्हापुरातच येणार. जुने पैलवान, कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, त्यामुळे अंग सुटलेलं. खरं उत्तर असं, की वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही. टिर्झेपाटाइडच्या अभ्यासात उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबीविरहित होता, सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात त्याहून जास्त. त्यात स्नायूही आले. पंचविशीत हे भरून निघतं, साठीनंतर जिना चढताना गुडघ्यांना कळतं.

उपाय दोनच : प्रथिनं आणि जोर-बैठका. रोज किलोमागं साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत, पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. भूक मेलेली असताना एवढं पोटात घालणं हेच अवघड असतं, म्हणून ताटात आधी अंडी, मासा, चिकन, उसळ, पनीर यातलं जे असेल ते संपवायचं, भात शेवटी. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण म्हशीचं दूध पिणाऱ्यांनी पेला अर्धा करावा. सायीचं दूध या दिवसांत पोटात दगडासारखं बसतं. आणि आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. चेहरा ओघळतो, त्याला लोक "ओझेम्पिक फेस" म्हणतात. ती वजन झपाट्यानं उतरल्याची खूण, औषधाचा वेगळा परिणाम नव्हे.

केस गळतात म्हणे?

काहींचे गळतात, वजन वेगानं उतरल्यामुळे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर गळतात तसेच. बहुधा परत येतात.

मला थायरॉइड आहे, चालेल?

इथं फार गोंधळ आहे. तुम्ही रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेता तो थायरॉइड आड येत नाही. वजन उतरल्यावर त्या गोळीचा डोस मात्र तपासून घ्यावा लागू शकतो. इशारा आहे तो मेड्युलरी या थायरॉइडच्या दुर्मिळ कॅन्सरबद्दल. उंदरांत अशा गाठी दिसल्या. माणसांत त्या औषधामुळे होतात असं सिद्ध झालेलं नाही, तरी स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला तो कॅन्सर किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल तर ही इंजेक्शनं घ्यायची नाहीत. घरात कुणाचं गळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर नेमकं कशाचं, ते जुनी फाईल काढून डॉक्टरांना दाखवा.

शुगरच्या गोळ्या चालू आहेत. सोबत चालेल?

मेटफॉर्मिनचा फारसा प्रश्न नाही. प्रश्न ग्लिमेपिराइडचा आणि इन्सुलिनचा, आणि आपल्याकडं निम्म्या पट्ट्यांत ग्लिमेपिराइड असतंच. जेवण कमी झालं आणि ती गोळी तेवढीच राहिली, तर शुगर खाली जाते : घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनी हे आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. खिशात गुळाचा खडा ठेवा, आपल्याकडं त्याला तोटा नाही. आणि जुना डायबेटिस असेल तर सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या. शुगर एकदम खाली आली की आधीच खराब असलेला पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो.

कुठल्या त्रासाला थेट दवाखाना?

पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून ते पाठीकडं जात असेल, थांबत नसेल, तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि सीपीआर हे इथलं सरकारी हॉस्पिटल असो की जवळचं दुसरं, त्याच रात्री गाठा. "गॅस झालाय" म्हणून माझ्याकडून सोडा घेऊन परत जाऊ नका. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे, ही पित्ताशयातल्या खड्यांची लक्षणं. वजन झपाट्यानं उतरताना खडे होण्याची शक्यता वाढते. पाणीही पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी झाली असेल तर किडनीवर ताण येतो. एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं तरी थांबू नका : सेमाग्लुटाइडमुळे डोळ्याच्या नसेचा असा त्रास दहा हजारांत एखाद्याला होऊ शकतो, असं युरोपच्या औषध नियामकांनी जून २०२५ मध्ये म्हटलं आहे.

कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल, अगदी लहान असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे ते सांगायचंच. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकतं.

मुलीचं लग्न ठरलंय. चार महिन्यांत बारीक होईल का?

आई विचारते, मुलगी बाजूला मोबाईल बघत उभी असते. लग्नाआधी बारीक व्हायला हे औषध बनलेलं नाही. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर, बीपी असा आजार, तर याचा विचार होतो. शिवाय लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी आणि टिर्झेपाटाइड किमान महिनाभर आधी बंद करावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा : टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे त्या गोळीवर विसंबू नये, सोबत कंडोम वापरावा. पीसीओडीच्या मुलींची पाळी वजन उतरल्यावर सुरळीत होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस जातात.

मैत्रिणीच्या इंजेक्शनच्या पेनमधला एक डोस घेऊ का? ऑनलाईन स्वस्त मिळतंय, मागवू?

दोन्हीला नाही. सुई बदलली तरी पेन एकाचंच. आणि चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय, बर्फाशिवाय कुरिअरनं आलेल्या बाटलीत काय आहे ते मला बघून सांगता येत नाही, तुम्हालाही येणार नाही.

बाटलीतलं औषध किती ओढायचं?

चूक इथं होते. मौंजारोच्या बाटलीतला डोस अर्धा मिलिलिटर. आपल्याकडं इन्सुलिनच्या सिरिंज दोन तऱ्हेच्या : लाल टोपणाची, एका मिलिलिटरला ४० युनिटवाली आणि केशरी टोपणाची, १०० युनिटवाली. अर्धा मिलिलिटर म्हणजे लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेघ आणि केशरीवर ५० ची. घरात आजीची लाल सिरिंज पडलेली असते आणि नातू मोबाईलवर बघून ५० शोधत बसतो. पहिल्यांदा बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन या, ओढून दाखवतो. पेनला ही भानगड नाही. मौंजारोच्या एका पेनमध्ये चार आठवड्यांचे चार डोस असतात.

एक आठवडा विसरलो तर?

टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर सोडून पुढच्या ठरल्या वारी. वेगोव्हीचा पुढचा डोस दोन दिवसांपेक्षा लांब असेल तर घ्या. दोन डोस एकदम कधीच नाही. दोन-तीन आठवडे चुकले असतील तर आधी डॉक्टर; बहुधा परत खालच्या पायरीवरून सुरू करायला सांगतात.

फ्रीजमध्ये कुठं ठेवायचं? लाईट गेली तर?

२ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला टेकून तर नकोच. एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं, परत पातळ झालेलं दिसलं तरी. लाईट चार तास गेली तर फ्रीज उघडू नका, काही होत नाही. न उघडलेलं मौंजारो ३० अंशांच्या आत असेल तर बाहेर २१ दिवस टिकतं, पण एप्रिलमध्ये आपल्या माळ्यावरच्या खोलीत ३० कुठलं? सेमाग्लुटाइडच्या पेनचे दिवस कंपनीप्रमाणे बदलतात, आतला कागद वाचा. पुण्या-मुंबईला नेताना बर्फाची पिशवी आणि पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी घाला. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावा आणि बरणी भरली की वेगळी म्हणून सांगून द्या. कचरागाडीवरच्या माणसाला त्यात सुया आहेत हे कळलं पाहिजे.